फुलीचं काडतूस

आमचे हे घरातून एका दमात कधीच निघत नाहीत. कुलूप लावतात, ओढून बघतात, जिना उतरतात, अर्ध्यावरून परत येतात आणि पुन्हा ओढून बघतात. शेजारीण म्हणायची, एक दिवस कडी उपटून यांच्या हातात येईल. एकदा आलीच. त्या दिवशी हे दारात स्टूल टाकून राखण करत बसले, कामावर गेलेच नाहीत.

काम त्यांचं नेमबाजीच्या मैदानावर, काडतुसं भरायचं. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या मावशीने विचारलं, मुलगा करतो काय? सांगणाऱ्याने घाईघाईत सांगून टाकलं, "दारू भरतो." मावशीने कपाळाला हात लावला. ही दारू बंदुकीची, हे तिला कुणी सांगेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेईना.

मैदानावर त्यांचं नाव पडलंय 'परतबघ'. पाठीमागच्या बाजूला त्यांची खोली आहे. एक खिडकी, एक लांब टेबल, टेबलाला ठोकलेलं दांड्याचं यंत्र. रिकामी नळकांडी लाकडी फळीच्या भोकांत उभी करायची, प्रत्येकात मापाने दारू घालायची, त्यावर बूच, बुचावर शिशाचे छर्रे, आणि दांडा दाबून तोंड मिटवायचं. दुसरा कुणी असता तर गाणी म्हणत केलं असतं. हे दारू घातली की बॅटरी घेऊन एकेका नळकांड्यात डोकावतात, 'परत बघ' असं स्वतःलाच पुटपुटतात आणि खरंच परत बघतात. भरलेलं प्रत्येक काडतूस तोलतात. कितीही उकडलं तरी पंखा लावत नाहीत, कारण वाऱ्याने काटा हलतो. घरी येतात तेव्हा सदरा पिळून घ्यावा असा ओला असतो, आणि मग मी ओरडते.

मी ओरडते हे खरं आहे, लपवायचं कशाला? मी शिवणकाम करते. नवं शिवत नाही, लोकांचे अंगाला न बसणारे कपडे सैल करून देते, आखूड करून देते. शिवण चुकली तर उसवायची, त्यात काय एवढं? चुकेल चुकेल म्हणत दिवसभर जीव टांगणीला लावून बसायचं, हे मला जमत नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुझी चूक उसवता येते गं. माझी चूक दुसऱ्याच्या हातात फुटते."

ती कशी फुटते ते सांगायलाच हवं. एखाद्या काडतुसात दारू घालायची राहून गेली, तरी चाप ओढला की काडतुसाच्या बुडाशी असते ती ठिणगीची टोपी उडतेच. तेवढ्या जोराने बूच आणि छर्रे नळीत शिरतात आणि मध्येच अडकून बसतात. आवाज येतो, पण फुसका. झाडणाऱ्याला वाटतं नेम चुकला. तो नवं काडतूस घालतो, आणि ह्या दुसऱ्याला पुढे जायला वाट नसते. मग नळीच फाटते. ती फाटते तिथे जवळच त्याचा डावा हात असतो. यांनी तरुणपणी असा एक हात पाहिला होता, दुसऱ्याच कुणाच्या काडतुसाने गेलेला. तो कसा दिसत होता ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी नेमबाज पोर यावी!

आमची चिमी. माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, दुनळी बंदूक तिच्याकडे आली. आप्पांनी ह्याच मैदानावर हयात घालवली. यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडतात, त्या खाली पडायच्या आत फोडायच्या, असा हा खेळ. आप्पांना शौक लांबच्या तबकड्यांचा, म्हणून त्यांच्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या तोंडाशी आवळलेल्या. तोंड आवळलं की छर्रे एकमेकांना धरून लांबवर जातात. पण चिमीचा खेळ वेगळा. तिच्या तबकड्या अगदी जवळून आडव्या जातात. तिथे आवळलेली नळी म्हणजे शिक्षाच. छर्ऱ्यांचा पुंजका बशीएवढा, आणि तबकडी त्याच्या शेजारून धडधाकट निघून जाते. बरोबरीच्या पोरी मोकळ्या तोंडाच्या बंदुकांनी धडाधड फोडायच्या. आमची दातओठ खात परत यायची आणि कुणाशी बोलायची नाही.

बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, "वहिनी, थोड्या वेळाचं काम आहे. आतून कातून तोंड मोठं करून देतो." मला पटलं. चिमी म्हणाली, "आप्पांच्या बंदुकीला कुणी हत्यार लावायचं नाही." आणि यांना तर नुसत्या कल्पनेने घाम फुटला. मला म्हणाले, "तू कपडा सैल करतेस तेव्हा शिवणीत आत माया दुमडून सोडलेली असते. लोखंडात कुठली माया? एकदा कातलं की गेलं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या धंद्याच्या भाषेत बोलले, म्हणून मिस्त्रीला मीच नको म्हणून कळवलं.

मग त्यांनी फुली काढली. तोंड आवळलेल्या बंदुकीसाठी ही जुनीच युक्ती आहे म्हणे. काडतुसात छर्ऱ्यांच्या मधोमध पुठ्ठ्याची फुली उभी करायची. छर्रे चार कप्प्यांत वाटून बसतात, आणि नळीबाहेर पडले की फुली त्यांना धरून राहू देत नाही, बाजूला सारते. नळी आहे तशीच राहते आणि फैलाव वाढतो. माझी चांगली कात्री घेऊन त्यांनी शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. कात्रीची धार गेली ती गेलीच. आठवडाभर केर काढताना मला फुल्या सापडत होत्या.

मैदानावर चौकटीला मोठा कागद ताणून त्यांनी झाडून पाहिलं. जिथे बशीएवढ्या जागेत सगळी भोकं पडायची, तिथे उघड्या छत्रीएवढा पसारा झाला. मी म्हटलं, "घरात मी पसारा आवरून मरते, आणि तुम्ही तो करायला शिकलात." ते हसले. ते हसले की मला फार बरं वाटतं, पण ते हसू टिकत नाही. लगेच म्हणाले, "फुलीमुळे काडतुसाचं तोंड मात्र सारखं बसत नाही. कुठे दबतं, कुठे वर येतं. एरवी दारू राहिली तर तोंड आत दबलेलं दिसतं, आता नुसत्या नजरेला काही कळायचं नाही." फुलीला जागा लागते म्हणून छर्रे थोडे कमी घालावे लागायचे, दारूही थोडी कमी, त्यामुळे आवाजही जरा बसका यायचा. मला त्यातलं काही कळत नसे. यांना डोळे मिटून कळायचं, हे विकतचं झाडलं, हे आपलं झाडलं.

फुलीच्या काडतुसांनी चिमीच्या तबकड्या फुटायला लागल्या. पोर घरात गुणगुणायला लागली. आणि पहिल्याच स्पर्धेत यांनी घात केला. एका बारीला यांना आवाज वेगळा वाटला. दोरीच्या मागे उभे होते, तिथून बोंब ठोकली, "थांब! नळी बघ!" खेळ थांबला. नळी उघडली तर स्वच्छ, आरपार उजेड. लोक हसले. पंचाने तंबी दिली. चिमीचा नेम त्यानंतर जो हुकला तो हुकतच गेला, आणि ती शेवटच्या नंबरावर गेली. घरी येऊन तिने दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, आणि ते मला जास्त लागलं.

मोठ्या संघाच्या निवडीची स्पर्धा जवळ आली तशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, त्या दिवशी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढलात तर मी तिथेच बंदूक खाली ठेवीन, परत कधी हात लावणार नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"अगं, असली शपथ कुणी घालतं का बापाला?"

"घ्या."

त्यांनी घेतली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. कुलपाला दोनदा हात लावणारा माणूस, त्याला पोरीच्या गळ्याची शपथ! त्या दिवसापासून त्यांचं जेवण उडालं. ताटात हात नुसता फिरायचा. झोपेत कूस बदलून म्हणायचे, "सगळी तोललीत ना मी?" जशी काही मी तोलणार होते. मी म्हणायचे, "तोललीत, झोपा." मला राग यायचा, आणि रागाखाली भीती वाटायची, ती मी त्यांना दाखवत नसे. घरात एकाने तरी घाबरायचं नाही असं माझं ठरलेलं होतं.

निवडीच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. आम्ही दोघं दोरीच्या मागे. यांनी दोन्ही हात खिशात कोंबलेले. चिमीच्या पट्ट्याला दोन पिशव्या, एकीत यांची फुलीची काडतुसं, दुसरीत वेळ पडली तर असावीत म्हणून विकतची. ती उभी राहिली, बंदूक खांद्याला लावली, म्हणाली, "सोड!" तबकडी आली आणि हवेतच तिचा भुगा झाला. पुढची आली, तीही गेली. एकामागून एक फुटत होत्या. शेजारचा कुणीतरी म्हणाला, परतबघची पोर आज रंगात आहे. मला वाटलं, निघालं बाई एकदाचं. मी यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

मग जोडीची पाळी आली. दोन तबकड्या एकदम सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. चिमीने पहिली नळी झाडली आणि लागलीच दुसरी. मला एकच आवाज ऐकू आला. पहिली तबकडी निसटली, दुसरी फुटली. पंचाने एक बोट वर केलं. म्हणजे एक गेली, इतकंच. जाते कधी कधी.

यांचा हात खिशातून निघाला आणि माझ्या दंडावर आला. त्यांची नखं रुतली.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. त्यांचा काळजीचा चेहरा मला पाठ आहे. तो सारखा हलत असतो, डोळे इकडून तिकडे, ओठ पुटपुटत. हा चेहरा हलत नव्हता. समोर चिमीने बंदूक मधल्या बिजागरीतून मोडून उघडली, रिकामी नळकांडी काढून टाकली. पिशवीत हात घातला.

"आवाज?" मी म्हटलं.

"शपथ आहे," ते तोंडावरच्या हाताच्या आडून म्हणाले. "मागच्या वेळीही वाटलं होतं मला. शपथ आहे गं."

चिमीने नवी दोन काडतुसं घातली. बंदूक मिटली. खांदा सारखा केला. तिच्या मानेवर एक बट सुटून घामाने चिकटली होती, आणि ती मानच मला दिसत होती.

मला वेगळं असं काहीही ऐकू आलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की सगळं ठीक आहे. पण शपथ त्यांनी घेतली होती, मी नव्हती घेतली.

"चिमे!" मी ओरडले. "झाडू नकोस! थांब! झाडू नकोस!"

माझा आवाज तसाही गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पंचाने हात वर केला. चिमी वळली, आणि तिचे डोळे सरळ बापावर गेले. तसे डोळे कुणाच्या लेकीने बापावर रोखू नयेत. "बाबा!"

"ते नाही, मी ओरडले," मी म्हटलं. "नळी बघ."

"आई, तुलाही आता..." रागाने तिने बंदूक मोडली, काडतुसं ओढून काढली आणि सगळ्यांना दिसावं म्हणून नळ्या आभाळाकडे धरून डोळा लावला. तशीच उभी राहिली. मग बंदूक खाली घेतली आणि परत लावून बघितली. एका नळीतून गोल उजेड दिसत होता. दुसरीत अंधार होता.

मिस्त्री गज घेऊन धावत आला. त्याने नळीत गज घालून ठोकला तसे छर्रे गवतावर सांडले, बूच पडलं आणि मागोमाग पुठ्ठ्याची फुली. शर्टाच्या खोक्याची, निळ्या रंगाची. चिमीने ती उचलून तळहातावर घेतली. हे दोरीला धरून खाली बसले.

पंच माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ती जोडी परत मिळेल, काडतूस नासकं होतं. पण ओरडणाऱ्याने मैदानाबाहेर जायचं, नियम आहे. मी म्हटलं, जाते. हेही उठले आणि माझ्या मागे निघाले. चिमी आमच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे अजून त्या फुलीवर होते.

फाटकाबाहेर मैदानाची उंच भिंत आहे. आम्ही भिंतीच्या सावलीला कट्ट्यावर बसलो. आतलं काही दिसत नव्हतं.

"मीच केलं ते," ते म्हणाले. "काल सगळी तोलून झाली होती. मन राहीना. सगळ्यात वेडंवाकडं तोंड बसलेलं एक घेतलं, उघडलं, दारू वाटीत काढून परत मोजली. बरोबर निघाली. अगदी बरोबर. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू तुला. आयुष्यात एवढं निर्धास्त मी कधी झालो नव्हतो. फुली घातली, छर्रे घातले, तोंड मिटवलं आणि तोललेल्यांत ठेवून दिलं. दारू वाटीतच राहिली असणार. मी टेबलही बघितलं नाही परत. एकदाच नाही बघितलं."

एरवी मी म्हटलं असतं, परत परत बघायची हौस ना, भोगा. ते ओठावर आलं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

"विकतची घेऊ दे तिला," ते म्हणाले. "चुकू दे नेम. नको ती निवड. माझ्या हातचं काही घालू नये तिने आता बंदुकीत."

"आवळलेली नळी आणि विकतची काडतुसं," मी म्हटलं, "म्हणजे संपलंच सगळं."

"संपू दे."

आणि मला कळलं की निवड तर जाईलच, पण त्याहून दुसरं काहीतरी जाईल. पोरीने आज विकतची पिशवी उघडली तर हा माणूस परत त्या खोलीत पाय ठेवणार नाही. आणि नाही उघडली, यांचीच घातली, आणि त्यात आणखी एखादं तसलं असलं तर? मला दोन्ही नको होतं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याइतकी घाबरले, आणि मला उठून कुठल्याही कुलपाला हात लावून यावंसं वाटत होतं.

आतून चिमीचा आवाज आला. "सोड!"

बार झाला. लागलीच दुसरा.

मी यांच्याकडे बघितलं. ते भिंतीला कान लावून उभे होते.

"आपलं," ते म्हणाले. "दोन्ही आपली." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "अगं, आपलीच घातली तिने. सांगा तिला कुणीतरी!"

मग काहीच आवाज आला नाही. एव्हाना पुढची तबकडी सुटायला हवी होती. रस्त्यावरून एक सायकल गेली. हे भिंतीवर तळहात टेकून उभे.

"का थांबली?" ते म्हणाले. "काय झालं? ऐकू आलं का तुला काही?"

"सोड!" आणि बार. आणि पुन्हा तशीच सगळं थांबल्यासारखी शांतता. पुन्हा "सोड!" पुन्हा बार. आधीची तिची लय मला माहीत होती, शिवणयंत्रासारखी धडधडत जायची. ही ती नव्हती. दोन बारांच्या मध्ये ती काहीतरी करत होती.

यांनी हळूहळू भिंतीवरचा हात काढला.

"बघतेय," ते म्हणाले. "नळी उघडून बघतेय. प्रत्येक वेळी."

"परत?"

"परत."

ते माझ्या शेजारी बसले. आत बार होत राहिले, मधल्या त्या लांब शांततेसकट, आणि आम्ही दोघं त्या शांतता ऐकत बसलो. मला रडू आलं ते मी आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने फाटक उघडलं. चिमी बंदुकीची पेटी खांद्याला लावून बाहेर आली. निवड झालेल्यांत तिचा नंबर शेवटचा होता, पण होता. ते तिने नंतर सांगितलं. आधी ती आमच्यासमोर नुसती उभी राहिली. सारखी नळी डोळ्याला लावून लावून तिच्या उजव्या डोळ्याभोवती काजळीचं काळं कडं उमटलं होतं.

यांनी ते पाहिलं. खिशातून रुमाल काढला, टोक जिभेला लावलं, ती लहान असताना लावायचे तसं, आणि तिचा डोळा पुसायला लागले. ते कडं काही निघेना, उलट गालभर पसरलं.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "पिशवीत अजून उरलीत. घरी गेल्यावर आपण दोघं उघडून बघू."